विहिरीच्या कठड्यावरचं नाव

मिरजगावकर मंडळी, लाज वाटतेय, पण लिहितोच.

आज मळ्यातल्या विहिरीच्या कठड्याचा फुगलेला गिलावा काढला. आत सिमेंटमध्ये कोरलेलं नाव निघालं: ‘लाभार्थी शेतकरी कोंडिबा’.

कोंडिबा आमचा सालगडी. माळावर त्याचा एकरभर तुकडा होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं सरकारी अनुदान लहान शेतकऱ्यांनाच होतं. आमचं रान मोठं, आम्ही त्यात बसत नव्हतो. म्हणून वडिलांनी कोंडिबाचा अंगठा घेतला आणि विहीर आमच्या रानात पाडली. नाव का लिंपलं होतं, ते आज कळलं.

तेवढ्यात कोंडिबाची लेक पारूबाई आली. रोजच्यासारखंच तिनं विचारलं, "दादा, हंडा भरून घिऊ का?"

तिला वाचता येत नाही. तरी मी ते नाव झाकून उभा राहिलो. आणि मालकासारखा म्हणालो, "घे की."