पेशी बदलेपर्यंत

क्षमा करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण वेळापत्रक लावून क्षमा करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच नात्यात निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी. चौलला राहतात. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले असं म्हणायचं आपलं. खरं तर फक्त घंटा थांबली, तास चालूच आहे. ताई माहेरी आली की दुसऱ्याच दिवशी यांचा फोन. "अरे, आमच्या घरातलं केंद्रक तुझ्याकडे आलंय. इथे नुसतं पेशीद्रव्य उरलंय, सगळं इकडचं तिकडे वाहतंय!" स्वयंपाकघर म्हणजे त्यांच्या लेखी तंतुकणिका, सगळी ऊर्जा तिथून. पुढचं दार म्हणजे पेशीपटल. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला ओटीवरूनच वाटेला लावायचं ते तिथे ठरतं. आणि स्वतः कोण? लयकारिका. कालची आमटी, परवाची भाजी, घरातलं उरलंसुरलं पचवून टाकणारी. ताई म्हणते, "निदान एवढं तरी खरं बोलतात."

पण त्यांचा खरा शोध म्हणजे क्षमेची मुदत. शरीरातल्या पेशी मरतात, नव्या येतात. मग ज्या माणसाने आपल्याला दुखावलं तो माणूस उरतोच कुठे? जिभेवरच्या चवीच्या पेशी दहा दिवसांत बदलतात, कातडीच्या महिन्याभरात, तांबड्या पेशी चार महिन्यांत, आणि हाडं म्हणाल तर दहा वर्षांत. एकदा आमच्या घरी माझ्या बायकोच्या हातून खिरीत साखरेऐवजी मीठ पडलं. भावोजींनी वाटी शांतपणे खाली ठेवली, आणि अकराव्या दिवशी दारात हजर. "वहिनी, जीभ नवी आहे. होऊ द्या खीर." रेवदंड्याच्या एका मास्तरांनी भर सभेत यांचा अपमान केला, तर यांनी चार महिने वाट पाहिली आणि मग पिशवीत दोन नारळ घेऊन त्यांच्या घरी गेले. ते बिचारे भांडण साफ विसरले होते. भावोजींनी आधी त्यांना सगळ्याची सविस्तर आठवण करून दिली, थोडा राग येऊ दिला, आणि मग माफ केलं. ताईशी भांडले तर चार दिवसांत मिटवतात. म्हणे आतड्याच्या आतल्या पेशी तेवढ्यात बदलतात. "कसल्या पेशी नि कसलं काय," ताई म्हणते, "चार दिवस भाताची पेज खाऊन माणूस नरमतोच."

मी कितीतरी वर्षं या सगळ्याला हसत आलो. एक प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ, दादा, बोर्ली पंचतनला राहतात, भातशेती करतात. वडील त्यांच्याकडेच असायचे. एका सकाळी दादांचा फोन आला की बाबांचं लक्षण बरं दिसत नाही, निघ. भावोजींच्या शाळेत त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मुलं कांद्याची साल काचपट्टीवर ठेवून उभी होती. एवढी तुकडी आटपतो आणि येतो, असं ते म्हणाले. पोहोचले तेव्हा बाबा गेलेले होते. अंगणात सगळा गाव जमलेला, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "याला कांद्याची साल दिसते, बाप दिसत न्हाय." त्या दिवसापासून भावांचं बोलणं बंद.

भावोजींनी ते प्रकरण हाडांच्या मुदतीत टाकलं. दहा वर्षं झाली, वर खबरदारी म्हणून दोन महिनेही गेले, आणि ते मला म्हणाले, "चल. आता दादा पुरता नवा झाला असेल." माझ्या गाडीतून निघालो. मुरूडपर्यंत त्यांची बडबड चालू होती. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी विचारलं, "भावोजी, मेंदूच्या पेशींची मुदत किती?"

ते पाण्याकडे बघत राहिले. पार दिघीचा धक्का जवळ आला तेव्हा म्हणाले, "त्या बदलत नाहीत रे. जन्मभर जवळजवळ त्याच." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! दुनियेला माफ करत फिरत होते ते उगाच नाही. आपल्याला कोणी माफ करेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दादा ओटीवर बसले होते. भाऊ दिसला तरी उठले नाहीत. भावोजी पायरीखालीच उभे राहिले. शेवटी दादा म्हणाले, "इसरलो न्हाय मी काय." भावोजी म्हणाले, "माहीत आहे." "मंग उन्हात कशाला उभा? वर ये."

चहा आला, निवला. दादा कपाकडे बघत बोलायला लागले. "त्या दिवशी तुझा फोन ठेवला नि बाबांना सांगितलं, तुमचा धाकटा परीक्षेत अडकलाय. मला वाटलं, रागवतील. तर हसले. म्हणाले, बराबर हाय त्याचं. पोरांची परीक्षा टाकून आला असता तर मीच वरडलो असतो." दादांनी कप बाजूला सारला. "हे तुला तवाच सांगायला हवं होतं. राग होता मला. रोज म्हणायचो, आज सांगीन, उद्या सांगीन. दहा वर्षं तुला जाळलं मी. चुकलो."

मला वाटलं, आता भावोजी काहीतरी मुदत काढणार. पण ते ढसाढसा रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाले, "दादा, हसले म्हणालास ना? कसे हसले? परत सांग." दादांनी परत सांगितलं. संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं असेल, आणि शेवटची बोट चुकून आम्ही तिथेच राहिलो.

आता भावोजी महिन्यातून एकदा बोर्लीला जातात. दोघांनाही कमी ऐकू येतं. परवा पुन्हा मीच सोडायला गेलो होतो. भावोजी ओटीवर नीट टेकलेही नव्हते, तोच दादांनी पाट जवळ ओढला आणि न विचारताच मोठ्याने सुरुवात केली, "तर मी बाबांना सांगितलं, तुमचा धाकटा परीक्षेत अडकलाय..."