आठ पाणी

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर कॅलेंडर टांगलेलं असतं. एकादश्या-चतुर्थ्या त्यावर छापलेल्याच असतात, पण आमच्या घरी ते पाहिलं जातं लाल शाईतल्या ‘पा’साठी. ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या तारखेच्या चौकटीत हे ‘पा’ लिहितात. हे म्हणजे माझे यजमान. यांची उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यात. रिटायर झाल्यावर कालवा सुटला, पाळी काही सुटली नाही.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पाणी कधी सहाव्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. बाहेरगावचे पाहुणे ऐकून तोंडात बोटं घालतात. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही. गोधड्या कधी धुवायच्या, पापड कधी लाटायचे, पाहुण्यांना जेवायला कधी बोलवायचं, सगळं पाण्यावरून ठरतं. शेजारणीनं विचारलं, गावाहून कधी आलात, तर मी सांगते, ‘मागच्या पाण्याला.’ त्यात आम्ही दोघंही शेतकऱ्याघरचे. गहू किती दिवसांत निघतो असं आमच्याकडं कुणी विचारत नाही, किती पाण्यावर निघतो असं विचारतात.

हे एवढं सगळं सांगायचं कारण आमची नात.

मुलगा आणि सून दोघंही वाळूजच्या कारखान्यांत. सूनबाईची रजा संपली तेव्हा नात सहा महिन्यांची होती, आणि तेव्हापासून पाच वर्षांची होईपर्यंत ती दिवसभर माझ्या कडेवर नाहीतर यांच्या खांद्यावर होती. तिच्या आईबापांना ती झोपलेलीच जास्त भेटायची. लोक म्हणतात दुधावरची साय. मला ते म्हणणं कधी फारसं पटलं नाही, कारण साय भांड्यात गुपचूप पडून असते. आमची पोर एक मिनिट एका जागी नसायची.

पाण्याच्या दिवशी तर तिला पंख फुटायचे. लाईनमन गल्लीच्या तोंडाशी चावी फिरवायचा, कुणीतरी ‘पाणी सुटलं होऽ’ म्हणून ओरडायचं, आणि ही अंगणातल्या नळाला कान लावून बसायची. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते, खर्र-खर्र आवाज होतो.

‘आज्जी, नळाला खोकला आला!’ ती ओरडायची.

मग आमची धांदल. पहिलं गढूळ पाणी कढीपत्त्याला, मग हौद, मग वरची टाकी, मग ड्रम, हंडे, कळश्या, आणि सगळ्यात शेवटी तिचा पितळेचा चंबू. तो भरल्याशिवाय नळ बंद करायचा नाही, असा तिचा कायदा होता. सगळं भरून झालं की हे तिला टबात बसवायचे आणि पाइप धरून आंघोळ घालायचे. एरवी मला एक तांब्या जास्त वापरला तर ऐकवणारा हा माणूस नातीच्या डोक्यावर टबच्या टब रिकामे करायचा. मी बोलले की म्हणायचे, ‘ही कालव्याच्या टोकाची शेतकरीण हाय. हिच्या पाळीला पाणी कमी पडलं तर माझी तक्रार व्हईल.’ मग अंग पुसून झालं, की तिला उचलून कॅलेंडरजवळ न्यायचं आणि तिच्या हातात लाल पेन द्यायचं. पोरं ‘अ’ आधी शिकतात. आमची ‘पा’ आधी शिकली.

सोमवार-मंगळवार तिला कळत नव्हते, ‘पा’ मात्र पक्के कळत. ‘आत्या कधी येणार?’ ‘दोन पाणी झाले की.’ ती कॅलेंडर बघायची आणि खेळायला पळायची. तिच्या वाढदिवसाला किती पाणी उरले, हे ती गल्लीभर सांगत फिरायची.

बाकी आमचं सुख ते काय असणार? संध्याकाळी हे तिला स्कूटरवर पुढं उभं करून छावणीच्या बाजारात न्यायचे आणि मेथीची जुडी आणायला गेलेली माणसं फुगा घेऊन परत यायची. मेथी विसरलेली असायची. दिवाळीच्या आसपास पडेगावच्या रस्त्यावरून टोपलीभर सीताफळं यायची. मग अंगणात बसून आजोबा-नातीची शर्यत लागायची, कुणाची बी लांब उडते. दौलताबादच्या किल्ल्यावरून तोफ उडवावी तसे दोघं गाल फुगवायचे. मी झाडू हातात घेऊन शिव्या घालायची. आता अंगण स्वच्छ असतं. इतकं स्वच्छ अंगण मला नकोसं होईल, हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच झाडू दाखवला असता.

एकदा तिनं डब्यातला गूळ खाल्ला आणि ‘मी नाय खाल्ला’ म्हणाली. हनुवटीला गूळ लागलेला. मी म्हणाले, ‘खोटं बोललं की नळाचं पाणी जातं बरं.’ पोरगी इतकी घाबरली, की धावत जाऊन नळाला सॉरी म्हणून आली. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग मुलाला पुण्यात चांगली नोकरी लागली, सूनबाईलाही तिथंच मिळाली. नातीची शाळा तिकडं सुरू होणार होती. चांगलंच झालं होतं, वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं, आणि मी घेतलंही नाही. निदान सामान बांधून होईपर्यंत तरी नाही. निघताना तिनं चंबू आपल्या दप्तरात घातला आणि यांच्यासमोर उभी राहिली.

‘आबा, तुम्ही मला न्यायला कधी येणार?’

यांनी कॅलेंडरकडं पाहिलं. पोळा, गणपती, सगळं मनात मोजलं असेल. म्हणाले, ‘आठ पाणी झाले की येतो.’

‘नक्की?’

‘नक्की. आठ पाणी.’

तिनं बोटांवर आठ मोजले, मान हलवली आणि गाडीत बसली. रडली नाही. मीच आत येऊन रडले.

ती रविवारी गेली. शुक्रवारी सकाळी सूनबाईचा फोन आला.

‘आई, ही काल संध्याकाळपासून दारात बसायली. बूट काढायला तयार नाय. दप्तरात चंबू, फ्रॉक, सगळं भरून ठेवलंय. आबा येणार म्हणती. जेवली पण नाय. तुम्ही काय सांगितलंय तिला?’

माझ्या डोक्यात काही प्रकाश पडेना. यांनी फोन घेतला. ‘बाळा, आत्ता कुठं पाच दिस झाले. अजून एक पण पाणी आलं नाय.’

पलीकडून तिचा आवाज मला इथवर ऐकू आला. ‘आले! मी मोजले! रोज सकाळी एकदा येतंय आन् संध्याकाळी एकदा येतंय. आठ झाले!’

त्या पुण्याच्या इमारतीत पाणी दिवसातून दोनदा सुटत होतं. आमच्या दोन महिन्यांचे तिचे चार दिवस झाले होते. पाणी दिवसातून दोनदा येऊ शकतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नव्हतं. जन्मभर पाण्याचा धंदा केलेल्या माणसाच्याही नाही.

‘अगं, ते आपलं इकडलं पाणी म्हणालो होतो मी,’ हे सांगत होते. पण पाच वर्षांच्या पोरीला इकडलं पाणी आणि तिकडलं पाणी काय कळणार? ती म्हणाली, ‘आबा खोटं बोलले. आता तुमचं पाणी जाणार.’ आणि फोन ठेवून गेली.

यांनी उठून पिशवी काढली. ‘मी निघतो. दहाची एसटी मिळंल.’

आणि मी यांना अडवलं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच लिहायला बसले आहे. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘असं प्रत्येक रडण्याला धावलात तर ती तिथं रुजायची कशी? रोप लावल्यावर रोज उपटून मुळ्या बघतं का कुणी?’

‘आगं, ती माझी वाट बघायलीय.’

‘बघू द्या. चार दिवस रडंल आन् गप बसंल. आपल्या मायेपायी पोराचा संसार इस्कटू नका.’

माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि हे माणूस पहिल्यापासून गरीब. यांनी पिशवी खुंटीला अडकवली. त्या आठवड्यात कुठंतरी मोठा पाइप फुटला आणि पाणी बाराव्या दिवशी आलं. मी देवभोळी नाही, पण ते बारा दिवस मी नळाकडं बघायचं टाळत होते.

त्यानंतर ती माझ्याशी फोनवर बोलायची. आबांना देते म्हटलं की ‘मला अभ्यास आहे’ म्हणायची. एवढ्याशा पोरीला कसला अभ्यास? हे शेजारी बसून तिचा आवाज ऐकायचे आणि कॅलेंडरवर ‘पा’ लिहायचे. एक एक ‘पा’ कोरून काढल्यासारखा. आठवं पाणी गणपतीनंतर आलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच हे निघाले. पडेगावच्या रस्त्यावर सीताफळं नुकती दिसायला लागली होती, आदल्या संध्याकाळी जाऊन निवडून आणली होती. आठ दिवस राहतो म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी परत आले.

‘एवढ्या लवकर?’ मी विचारलं.

यांनी चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायले.

‘चांगली हाय. मैत्रिणी झाल्यात. मला म्हणाली, “हाय, आबा!” आन् खाली खेळाया गेली. सीताफळाचा गर काढून वाटीत दिला, चमच्यानं खाल्ला तिनं. बिया नको म्हणाली.’ मग म्हणाले, ‘तू म्हणत होतीस तेच खरं. रुजली.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. एवढ्या वर्षांच्या संसारात प्रत्येक वादात मीच खरी ठरावी म्हणून मी भांडत आले. तेवढी एक वेळ मी खोटी ठरायला हवं होतं. त्या दिवशी त्यांना दहाच्या एसटीला जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? रुजली तर ती नंतरही असतीच. फक्त दारात बूट घालून बसलेल्या पोरीला तिचा आबा दिसला असता.

आता ती दहा वर्षांची आहे. फोनवर आबांशीही छान बोलते, राग कधीच विसरली. माझीच आठवण तेवढी जात नाही. यंदा मेच्या सुट्टीत ती चार दिवस आली होती. उंच झाली आहे, बोलणं पुण्याचं झालं आहे, ‘आज्जी, मी करते गं’ म्हणते. पाण्याच्या दिवशी आम्ही दोघं नळापाशी धावपळ करत होतो आणि ती ओट्याजवळ उभी राहून कॅलेंडर बघत होती.

‘आबा, हे पा म्हणजे काय?’

माझ्या हातातली कळशी तशीच राहिली. हे मात्र हसले. तिला जवळ बसवून त्यांनी सगळी गंमत सांगितली. नळाचा खोकला, चंबू, पुण्याचे आठ पाणी, दारातले बूट. यांनी ती इतकी रंगवून सांगितली की पोर हसून हसून लोळली. मी अडवलं होतं, तेवढं यांनी गाळलं.

‘बापरे, मी इतकी वेडी होते?’ ती म्हणाली. ‘मला यातलं काहीच आठवत नाही.’

रविवारी मुलगा न्यायला आला. आम्ही फाटकाशी उभे होतो. यांनी खिडकीशी वाकून विचारलं, ‘आता परत कधी?’

ती हसली. ‘आठ पाणी झाले की!’

‘कुणाचे? तुमचे का आमचे?’

तेवढ्यात गाडी हलली. ती काहीतरी ओरडून म्हणाली, हात हलवला. तिचं उत्तर आमच्यापर्यंत आलं नाही.

ती थट्टा होती, हे मला कळतं. तिला शाळा आहे, क्लास आहेत, आणि ती दिवाळीशिवाय येणार नाही, हेही कळतं. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला, केस नीट केले, पायात चपला घातल्या आणि पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले.

हे बाहेर आले. ‘कुठं निघालीस?’

‘कुठं नाय.’

‘मग चपला?’

‘आज आठवं पाणी,’ मी म्हणाले. ‘तिकडलं.’

यांनी माझ्याकडं पाहिलं. आत गेले. खुंटीवरची पिशवी काढल्याचा आवाज आला. मग पिशवी हातात घेऊन, चपला घालून आले आणि माझ्याशेजारी पायरीवर बसले.