कापलेलं आभाळ

बायकोने हौसेने आणलेलं छापील चित्र तयार फ्रेममध्ये मावेना, म्हणून मी कात्रीने त्याचं आभाळच कापलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन चित्रकाराची नदी होती ती, काठाला पानगळीतली लालपिवळी झाडं. बायको शुक्रवारी माहेराहून मस्कतला परतणार होती.

मस्कतच्याच अझैबा भागातल्या फ्रेमवाल्याकडे धावलो. हा वसईचा गृहस्थ माप आधी वितीने घेतो, मग टेपने, आणि गिऱ्हाइकाला गोड वाटावं म्हणून कधी खोटं बोलत नाही.

"आभाळ कुठाय?"

मी खिशातून चार घड्या घातलेली पट्टी काढली.

"अरे देवा! रुमाल हाय काय हा?" म्हणत त्याने फडकं टाकून तिच्यावर इस्त्री फिरवली आणि ती चित्राला जोडून सगळं मोठ्या फ्रेममध्ये इतकं छान बसवलं, की मीच फसलो.

शुक्रवारी चित्र लावायला तो स्वतः आला. दुसऱ्याने ठोकलेल्या खिळ्यावर त्याचा विश्वास नाही. बायको चित्राला नाक लावून उभी राहिली.

"हे कुणी कापलंय का हो?"

हातोडी पिशवीत टाकत तो म्हणाला, "छापखान्यातूनच तसं येतं, वहिनी."

माझ्यासाठी हा माणूस चक्क खोटं बोलला!

"छापखान्यात मशीन असतं, भाऊ," बायको म्हणाली. "इतकं वाकडं कापायला आमचे हेच लागतात."