सगळ्यांच्या ताटात पंख

आमच्या घरी कोंबडी शिजली की तिच्या वाटण्या ठरलेल्या. तंगड्या सासऱ्यांना आणि नवऱ्याला, छातीचे मऊ तुकडे लेकीला. मान आणि पंख उरायचे ते सासूबाईंना आणि मला. त्यातही आम्ही दोघी बसायचो ते सगळे उठल्यावर. तोवर रश्शावरचा तवंग थिजलेला असायचा. सांगलीहून फलटणजवळच्या या घरात आले तेव्हा वाटलं होतं, नव्या नवरीची रीत असेल, वर्षभरात सुटेल. अकरा वर्षं झाली.

भांडायचं म्हटलं तर कुणाशी भांडणार? वाईट कुणीच नव्हतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मनाशी पक्कं केलं, आज नुसते पंखच आणायचे. झणझणीत, बटरमध्ये घोळलेले. रस्साच नाही म्हटल्यावर वाढायला कुणी उभं राहायचं कारण नाही. आणि बटर गार झालं की थिजतं, म्हणून सगळ्यांनी एकदमच जेवायला बसायचं. सासूबाईंनीसुद्धा. त्यांना मी आत्या म्हणते.

चिकनवाल्याला म्हटलं, "दीड किलो नुसते पंख द्या, कातडीसकट."

तो हसला. "कुत्र्यास्नी काय, वहिनी?"

माझं डोकंच फिरलं. "माणसांना," म्हटलं, "आणि नीट निवडून द्या."

घरी येऊन पंख धुऊन ठेवले आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली येऊन बघते तर आत्यांनी पंखांना हळद-मीठ लावून ते पातेल्यात शिजायला टाकलेले. त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडे कोंबडी म्हटली की आधी तिचं अळणी पाणी काढायचं, हात आपोआप तिकडेच जातो. पण कुरकुरीत व्हायचे ते पंख उकडून लिबलिबीत झाले होते.

"आता रस्साच टाक की," आत्या म्हणाल्या. "वाटण हाय फ्रीजमधी."

"रस्सा होणार नाही, आत्या." माझा आवाज चढलाच. मग ओशाळल्यासारखं झालं, पण माघार घेतली नाही.

अळणी वाट्यांत भरून सासऱ्यांना आणि लेकीला दिलं, तेवढीच त्यांची भूक थोपली. पंख सुती कापडावर पसरून चांगले कोरडे केले, तांदळाचं पीठ लावलं आणि मोठ्या आचेवर तळले. कातडीला बारीक फोड आले, कडक झाली. बटर वितळवून गॅस बंद केला आणि मगच त्यात कांदा-लसूण मसाला घातला. चालू गॅसवर घातला असता तर करपून घरभर ठसका लागला असता. लिंबू पिळलं, गुळाचा खडा टाकला आणि पंख त्यात घोळवले.

पाच ताटं एकदम मांडली. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, हाक मारायच्या आत हजर. ताटाकडे बघून म्हणाले, "लेग पीस कुठं हाय?"

"आज सगळ्यांना पंख, मामा."

नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून खायला लागला. आत्या मात्र चपात्यांचा डबा घेऊन उभ्याच.

"तुमी जेवा. मी वाढती."

मी उठले, त्यांच्या हातातला डबा घेतला आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवला. "ज्याला पाहिजे तो हाताने घेईल. तुम्ही बसल्याशिवाय मी घास उचलणार नाही."

सासऱ्यांनी दुसरा पंख उचलला आणि वर न बघता म्हणाले, "बस की आता. लय चांगलं झालंय."

आत्या बसल्या, खुर्चीच्या कडेवर, अंग चोरून. पंख उचलला, सरळ दातात धरला आणि कळवळून ताटात टाकला. "आगं आई गं, पोळलं की!"

"फुंकून खायचं, आजी," लेक हसत म्हणाली.

आत्याही हसल्या. मी मात्र हातातला पंख ताटात ठेवला. चाळीस वर्षं या घराला कोंबडी रांधून घालणाऱ्या बाईला ती फुंकून खायची सवयच नव्हती.