अण्णांच्या नावाएवढी जागा

मंडळी, आज सकाळी उंब्रजहून आमच्या वाचनालयाच्या सलीमचाचांचा फोन. "पोरी, तुझा प्रोग्रॅम नाव टाकलं की बंद पडतोय बघ."

वाचनालयासाठी कॉलेजात लिहिलेला, काळ्या स्क्रीनवरचा प्रोग्रॅम! नावाची लांबी तपासावी लागते, नाहीतर जागेपेक्षा लांब नावानं प्रोग्रॅम कोसळतो, हे तेव्हा कुठं ठाऊक? गावात सगळ्यात लांब नाव आमच्या अण्णांचं. सुभेदार हा हुद्दा लावल्याशिवाय ते नाव सांगायचेच नाहीत. शेजारी बसून त्यांनी एका बोटानं ते टाईप केलं आणि मी तेवढ्याच अक्षरांची जागा ठेवली.

"चाचा, कुणाचं नाव टाकलं?"

"अण्णांचं. त्यांची पुस्तकं दिलीस न्हवं तू? देणगीदारांत टाकताना नावाआधी कैलासवासी लावलं."

लांबी तपासणारी ओळ लगेच घातली, जागाही वाढवली. पण सांगा, या एका शब्दासाठी आधीपासून जागा कोण ठेवतं?