मेश्राम काकूंचा तळहात

मेश्राम काकू कुठलीही वस्तू नीट बघायच्या आधी ती दाबत. सोफा, गादी, स्कूटरची सीट, ऑटोचा मागचा बंपर, भाजीवाल्याचा हातगाडा. जे समोर येईल त्यावर उजवा तळहात ठेवायचा, अंगाचं सगळं वजन टाकून एकदा खाली ढकलायचं आणि हात झटकन उचलून थांबायचं. ती वस्तू पुन्हा जागेवर येईपर्यंत त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. "दबतं तर सगळंच," त्या म्हणायच्या. "उठतं कसं, ते पाहा."

त्यांची माझी ओळखही अशीच झाली. मी नोकरीसाठी जयपूरला येऊन वर्ष होत आलं होतं. तिथल्या सोडाला भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. एका संध्याकाळी डाव्या मनगटाला प्लास्टर असताना एका हाताने सायकल जिन्याखालच्या कोपऱ्यात सरकवत होते. समोरच्या फ्लॅटमधल्या ठेंगण्या, वजनदार बाई ड्यूटीवरून परत येत होत्या. पायात जाड काळे बूट, अंगावर सुती सलवार-कमीज, खांद्यावर मोठी पिशवी. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सायकलच्या सीटवर तळहात टाकला आणि दाबलं. काहीच हललं नाही.

"हे तर लाकूड आहे," त्या मराठीत म्हणाल्या. "पडली ना?"

ऑफिसमध्ये सगळ्यांना मी बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं होतं. मी नुसती मान हलवली.

"कुरिअरच्या खोक्यावर नाव वाचलं तुझं. मराठी आहेस, समोर राहतेस, आणि कधी बोलली नाहीस. काहून गं?"

मी नाशिकची, पण शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि स्वभाव कुठल्याच माध्यमाचा नाही. घरातल्यांखेरीज कुणाशी मराठी बोलायचं म्हटलं की मला आधी वाक्य मनात जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. काकू गेल्या नाहीत. पायरीवर बसून बूट सोडत राहिल्या.

त्या नागपूरच्या. रेल्वेत इंजिनियर होत्या, डब्यांच्या डेपोत. डब्याखालच्या स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, चाकांचे सांगाडे हे त्यांचं काम. बदलीवर एकट्याच आलेल्या, आई आणि भाऊ नागपूरला. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक लोखंडी कपाट, एक पलंग, बुद्धाची एक तसबीर आणि दारामागे टांगलेलं हेल्मेट, एवढंच सामान. सकाळी आठच्या सुमारास समोरच्या दारातून त्यांचा "जय भीम, आई! औषध घेतलं का?" असा खणखणीत आवाज आला की मी समजायचे, आता आपल्याला उशीर झाला.

सायकल माझ्यासाठी काय आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रविवारी पहाटे आमचा एक ग्रुप नाहरगडाच्या मागच्या कच्च्या वाटांवर जायचा. दगड, वाळू, बाभळी, मध्येच एखादा मोर. तिथे चढावर सगळेच धापा टाकत असतात, त्यामुळे कुणी कुणाकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. आठवड्यातले ते तीन-चार तास मी माणसांमध्ये असायचे आणि मला त्याचा त्रास व्हायचा नाही. मग एका दगडी पायरीवरून उतरताना मी पडले. मनगट मोडलंच, शिवाय माकडहाडाला मार बसला. फिजिओथेरपिस्टने बजावलं, मनगट जुळेल, पण खालून असे दणके पुन्हा बसले तर सायकल कायमची बंद. त्या वाटांवर परत जायचं तर पुढे आणि मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, म्हणजे फुल सस्पेन्शनची माउंटन बाइक हवी. ग्रुपचे लीडर हसले. "इतने बजट में फुल सस्पेंशन? दीदी, सिर्फ आगे वाली ले लो, अच्छी मिलेगी।" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दणका मला मागून बसणार होता. आईने तर फोनवर "त्यापेक्षा स्कूटी घे" म्हणून विषयच मिटवला होता. जमवलेले पैसे एकदाच खर्च होणार होते. सायकल चुकीची निघाली असती तर ती वाट संपली असती.

हे सगळं मी काकूंना एका दमात सांगितलं नाही. प्लास्टर निघेपर्यंत, त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "चल, पाहू. स्प्रिंग ती स्प्रिंग."

पहिली सायकल पाहिली ती सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्यात. मुलगा परदेशी शिकायला गेलेला, सायकल व्हरांड्यात पडून. परदेशी बनावटीची, निळी, हलकी, आणि चक्क माझ्या बजेटात बसणारी. मी तिच्यावर बसले आणि मनात ती घरी घेऊनसुद्धा आले. काकूंनी दाबून पाहिलं, सीट धरून मागचं चाक उचलून हलवून पाहिलं. मग पिशवीतून एक छोटी बाटली, फडकं आणि खडू काढला. बाटलीत रॉकेल होतं. मागच्या चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या दांडीच्या वेल्डिंगवर त्यांनी रॉकेल चोपडलं.

बंगल्याच्या बाईसाहेब धावत आल्या. "अरे, ये क्या लगा रही हैं आप? पेंट खराब हो जाएगा!"

"पोंछ के दूँगी, मैडम. दो मिनट।"

त्यांनी सगळं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. मग आम्ही तिघी त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत उभ्या राहिलो. हळूहळू त्या पांढऱ्यावर केसाएवढी बारीक ओली रेघ उमटली. तडा गेलेल्या जागेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. डेपोत जुनी माणसं असाच तडा शोधायची, हे मला नंतर कळलं.

"चल तो रही है," बाईसाहेब म्हणाल्या.

"जी. टूटने से पहले सब चलती हैं।" काकूंनी खडू पुसून दांडी पुन्हा लख्ख केली. निघताना दारात वळून म्हणाल्या, "मैडम, बेटा छुट्टी पे आए तो इस पे बैठने मत देना।" बाईसाहेबांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी आम्हाला थांबवून पाणी दिलं.

परतताना ऑटोत मी त्यांच्यापासून लांब, कडेला सरकून बसले.

"राग आला?" काकूंनी विचारलं.

मी बाहेर बघत राहिले.

"येऊ दे. ती दांडी तुटली असती तर माझ्यावर रागवायला तरी कुठे उरली असतीस?"

मला हसू आलं, आणि ते लपवता आलं नाही याचाही थोडा राग आला.

पुढच्या आठवड्यात आम्ही झोटवाड्याला गेलो. तिथे एका अरुंद गल्लीत सायकलींचं मोठं दुकान होतं. तिथली फुल सस्पेन्शन नवी होती, जड होती, दिसायला साधी होती, पण पैशात बसत होती. काकूंनी सीटवर तळहात टाकून मागच्या स्प्रिंगवर भार दिला. ती दबली आणि शांतपणे, उसळी न घेता वर आली. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच लहान मुलासारखा आनंद पाहिला. "वा! आमच्या डब्यासारखी उठली."

"टैंक है मैडम, टैंक," दुकानदार म्हणाला.

काकूंनी प्रत्येक नट तपासला, वेल्डिंगवर रॉकेल आणि खडू फिरवला, कुठेच रेघ नाही. मग मला म्हणाल्या, "एक चक्कर मारून ये."

गल्लीच्या टोकाला स्पीडब्रेकर होता. मी त्यावरून गेले आणि माकडहाडातून कळ थेट डोक्यात गेली. मी परत आले.

"कसं आहे?"

"छान," मी म्हणाले.

मी नेहमी छान म्हणते. जेवण, ऑफिस, तब्येत, सगळं छान. दुकानदाराने पावती फाडायला घेतली होती. काकू इतक्या खूश होत्या, त्यांनी सुट्टीचा अख्खा दिवस घालवला होता, आणि स्प्रिंगमधलं मला काय कळतं?

"छान म्हणजे?" काकूंनी विचारलं. सहजच विचारलं असेल.

मी मनात वाक्य जुळवायला लागले. दुकानदार पेन शोधत होता. त्याला पेन सापडलं तेव्हा माझं वाक्य अर्धंच जुळलं होतं. मी ते तसंच बोलले. "काकू, मागचं हललंच नाही. तुमच्या हाताने हलतं. मी बसले की नाही हलत. मला लागलं."

दुकानदार हसला. "दीदी हल्की हैं ना. आदत हो जाएगी।"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे. "बस परत," म्हणाल्या. मी बसले. भर दुकानात, ग्रीसने माखलेल्या फरशीवर त्या गुडघे टेकून बसल्या आणि स्प्रिंगला डोळा लावला. "उठ. बस. उठ. बस." स्प्रिंग ढिम्म.

त्या उभ्या राहिल्या. "भैया, रुको. गलती मेरी है।" मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "आयुष्यभर भरलेल्या डब्याचाच विचार करून राहिली मी. बहात्तर माणसं, त्यांच्या ट्रंका. तू तर रिकामी गाडी. माझ्या हाताला चांगलं वाटलं म्हणून तुला चांगलं होईल, हे कोणी सांगितलं मला?"

मी इतक्या वर्षांत पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. शाळेत, कॉलेजात, ऑफिसच्या काचेच्या मीटिंग रूममध्ये. आपलं चुकलं हे इतक्या सरळ, गिऱ्हाइकं ऐकत असताना, आणि तेही ज्या गोष्टीत आपला हात धरणारं कुणी नाही त्याच गोष्टीत, असं सांगताना मी फक्त काकूंना पाहिलं.

लगेच त्या कामाला लागल्या. "इसकी नरम स्प्रिंग दो।"

"मैडम, जो लगी है वही आती है।"

काकूंची नजर दुकानभर फिरली. कोपऱ्यात त्याच कंपनीची लहान मापाची सायकल उभी होती. तिच्या स्प्रिंगची तार बारीक होती. काकूंनी पर्समधून स्टीलची पट्टी काढली, दोन्ही सायकलींच्या शॉक अब्सॉर्बरची लांबी मोजली. सारखीच. "ये इसमें लगाओ, वो उसमें।"

"फिर वो छोटी वाली कौन लेगा?" दुकानदार कळवळला.

"कोई मेरे जैसी आ जाएगी."

बऱ्याच घासाघिशीनंतर त्याने शॉक बदलून दिला. मी पुन्हा स्पीडब्रेकरवरून गेले. या वेळी सायकल माझ्याखाली जराशी बसली आणि सावकाश उठली. परत आले तर काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. "छान-बिन नको सांगू. काय झालं ते सांग."

मी सांगितलं. चाक वर गेलं पण मी नाही गेले, उतरताना पोटात हललं पण पाठीत नाही, जोरात पॅडल मारलं की थोडं झुलल्यासारखं होतं, पण ते चालेल. इतकं लांब मराठी मी तोवर कुणा परक्यासमोर एका दमात बोलले नव्हते. दुकानदारालासुद्धा काहीतरी कळल्यासारखं वाटलं असावं. तो मान डोलवत होता.

"उड्या नाही मारायच्या हिच्यावर," पैसे दिल्यावर काकूंनी बजावलं. "ही त्याच्यासाठी नाही. आपल्याला उतरायचं आहे, उडायचं नाही."

मी त्या वाटेवर परत गेले त्या रविवारी काकूही आल्या. ऑटोने, त्या काळ्या बुटांत, हातात चहाचा थर्मास. मी पडले होते त्या दगडी पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या. लीडर सायकल उचलून म्हणाले, "बहुत भारी है, दीदी।" भारी होतीच. चढावर मी सगळ्यांच्या मागे राहिले. पण पायरी आली, मी ब्रेक सोडले आणि उतरले. खाली पोचून मागे वळले, तर काकू अजून स्प्रिंग जिथून गेली त्या उंचीवरच, हवेत बघत होत्या.

"तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही," मी म्हणाले.

"तुझ्याकडे काय पाहायचं? तुला लागलं तर तू आता सांगशील."

त्यानंतर वर्षभराने त्या रिटायर झाल्या. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. हमाल सामान घेऊन दारात उभा, आणि काकू प्लॅटफॉर्मच्या कडेशी वाकून आपल्याच डब्याखाली बघतायत. "चांगली आहे," त्यांनी निर्णय दिला आणि मगच चढल्या. दारात उभं राहून त्यांनी माझ्या खांद्यावर तळहात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही. गाडी हलली तेव्हा मीच तिच्याबरोबर थोडं पुढे चालले.

मागच्या महिन्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नागपुरात गाद्यांच्या दुकानात होत्या. आईसाठी गादी घ्यायची होती. "मी दाबून पाहून राहिली, मला चांगली वाटते. पण आई तुझ्याहून हलकी. तू सांग, काय करू?"

"तुम्ही दाबू नका, काकू," मी म्हणाले. "आजींना झोपवा."

त्यांनी फोन भावाच्या हातात दिला आणि आईला हळूच आडवं केलं. मग आपला उजवा हात पाठीमागे धरून शाळकरी मुलीसारख्या शेजारी उभ्या राहिल्या. आजींनी डोळे मिटले. या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या.

"कसं वाटतं, आई?"

"छान," आजी म्हणाल्या.

"छान म्हणजे?" काकूंनी आणि मी एकदमच विचारलं.