पाण्यासाठी राखलेला शब्द

पळसदरीच्या धरणापाशी एका काकांची चहा-भज्यांची टपरी आहे. मी कर्जतला इंग्रजी शिकवतो आणि रविवारी तिकडे गेलो की त्यांच्याच बाकावर बसतो. सुट्टीला येणारी पाहुणेमंडळी त्यांच्या भज्यांना 'अ‍ॅब्सोल्यूटली अमेझिंग' म्हणतात, चहाला 'टोटली सुपर' म्हणतात. त्यावर काका झारा कढईच्या काठावर झटकत एवढंच म्हणतात, "बरी झाल्यात." याहून मोठी स्तुती मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही. त्यांची लेक बारावीला तालुक्यात पहिली आली, तेव्हाही "बरी शिकतेय" म्हणाले आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

गेल्या रविवारी चार तरुण भजी खाऊन शर्ट काढायला लागले. एकाने विचारलं, "काका, इथे पोहलं तर चालेल ना?"

"नको. खाली गाळ हाय, पाय रुततो."

ते हसले आणि पाण्याकडे निघाले. काकांनी गॅस बंद केला, भराभर जाऊन त्यांच्या वाटेत उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "अ‍ॅब्सोल्यूटली नाय."

पोरं थबकली. एकमेकांकडे बघत मागे फिरली आणि त्यांनी शर्ट चढवले.

काका परत आल्यावर मी म्हणालो, "तुम्हाला येतो की हा शब्द. मग भज्यांना का नाही लावत कधी?"

गॅस पेटवत ते म्हणाले, "भज्यांना लावला असता सर, तर पाण्यापाशी कोनी ऐकला असता?"